नस

तुमसरच्या पलीकडं, खाणीच्या गावात
आई मॅंगनीजचा दगड हातात घ्यायची,
एकदा उलटा, एकदा सुलटा,
वांग्यातली कीड शोधावी तशी नखानं चाचपायची
आणि मग हातोडीचा एकच ठोका.
दगड उकलायचा. सपाट, काळा,
ओला नसून ओल्यासारखा.
शेजारी बसलेली बिरनबाई
तसल्याच दगडावर चार ठोके घालून
भुगा करायची.
"जोर काऊन लावतं वो," आई म्हणायची,
"नस पाय त्याची."

मी बाजूला गोणपाटावर
वर्गमुळं सोडवत बसलेली.
मुकादम बिसेन टोपल्या मोजायचा.
नस मोजायची त्याच्या वहीत जागा नव्हती.

आता माझा दगड तुरीच्या दाण्याएवढा आहे.
मॅंगनीज आणि सिलिकॉन, निम्मेनिम,
एका परक्या गावच्या अणुभट्टीत टांगलेला,
पुसातल्या आपल्या पहाटेहून
अडीचशे अंश गार.
त्याला बाहेरून चुंबक लावलं
की आत भोवरे उभे राहतात:
मध्यावरचे बाण चुंबकाच्या उलट,
कडेचे चुंबकाबरोबर,
मधले सगळे वळत वळत जाणारे.
पुस्तकात त्यांना स्कायर्मिऑन म्हणतात.
अंगाला अंग लावून बसतात,
एकाभोवती सहा, त्या प्रत्येकाभोवती पुन्हा सहा.
न्यूट्रॉन त्यांच्यातून पार होतात
आणि पडद्यावर सहा ठिपके ठेवून जातात.
बस्स, एवढंच दिसतं.

पंगत कोणत्या जमिनीवर बसायची ते चुंबक सांगतं.
चुंबक कलवलं की अख्खी पंगत कलते.
पण पंगतीचं तोंड कुणीकडं,
याचं त्याला काही पडलेलं नाही.
ते ठरवतो स्फटिक,
आणि तोही इतक्या हलक्या आवाजात
की समीकरणात तो आवाज सहाव्या घाताशी कुठंतरी लागतो.
बरेच जण त्याच्या आधीच पेन खाली ठेवतात.

वैशाखात लाईनीतल्या सगळ्या खोल्यांपुढं
बाजा पडायच्या, चिकटून चिकटून.
उशा कुणीकडं, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
तरी रात्री लघवीला उठलं
की चांदण्यात सगळी डोकी एकाच बाजूला,
एक पिऊन आलेला ठगन सोडून.
उत्तरेला डोकं करू नये, एवढंच काहीतरी,
विचारलं तर हसून सोडून देण्यासारखं.

एका रात्री अडीच वाजता
मी स्फटिक पंधरा अंश फिरवला.
चुंबक होतं तिथंच.
पुन्हा गार केला, दोन तास थांबले.
सहाही ठिपके पंधरा अंशांनी सरकले होते.
खोलीत पंपांचा आवाज होता फक्त.
मी टेबलावर बोटानं ठोका दिला, एकच.

सुट्टीत आईला फोनवर चित्र दाखवलं.
तिनं फोन आडवा केला, उभा केला.
"फिरवलं तं फिरते, त्यात का मोठं?"
मग मी दुसरं दाखवलं, वेगळ्या जातीच्या स्फटिकाचं.
बारा ठिपके.
तिनं दोनदा मोजले.
"हे दोन घरं हायेत," ती म्हणाली.
"एक इकडं तोंड करून, एक तिकडं."
मी काही बोललेच नाही.
दोन दिशा सारख्याच सोप्या असल्या
की अर्धे भोवरे हिच्याकडं, अर्धे तिच्याकडं,
हे समजायला मला दीड वर्ष लागलं होतं.

फोनचा पडदा विझला.
आईच्या अंगठ्यानं तो उघडत नाही,
हातोडीनं रेषा कधीच्या पुसल्यात.
तो माझ्याकडं देत तिनं विचारलं,
"मंग फोडतं कसं त्याले?"
"नाई फोडत."
"फोडल्याबिगर नस समजली?"

मोहाखाली अंधार झाला होता.
तिनं बाज उचलली, थोडी वळवली,
आणि उशी टाकली
नेहमीच्या बाजूला.